लुगडं वर का आत?

चित्रकलेच्या कॉलेजातली ती पोरगी घरी आली तेव्हा मी तिला चहा दिला, बिस्किटं दिली, पण लुगडं काय लगेच दिलं नाय. तिला देशाच्या नकाशाची गोधडी करायची होती. त्यासाठी शहरातल्या सगळ्या जातीधर्माच्या बायांकडून एकेक जुनं कापड मागत फिरत होती. बोलायला लई गोड, आणि गोड बोलणाऱ्याकडं मी जरा निरखूनच बघते.

तिची नजर होती आईच्या पांढऱ्या लुगड्यावर. वैजापूरकडच्या आमच्या गावात आईनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती तेच नेसून. पुढं तिनं ते रोजच्याला कधी काढलं नाय.

आता ज्यानं गोधडी शिवली नाय त्याला सांगते. गोधडीत धड, रंगीत कापड वर येतं. विरलेलं, फिकं असेल ते आतल्या थरात जातं. ऊब तेच देतं, पण दिसत नाय कुणाला. म्हणून मी तिला एकच विचारलं, "लुगडं वर लावशील का आत?"

"वरच आजी. तुमचं तर मधोमध," ती हसून म्हणाली.

मी दोनदा वदवून घेतलं, मग दिलं. तरी मनातला किडा काय बसेना.

प्रदर्शन लागलं तशी नातीला घेऊन गेले. भिंतभर गोधडी. कुणाच्या पैठणीचा पदर, आमच्या शेजारच्या भाभीची हिरवी ओढणी, मधोमध कुणाचं तरी जांभळं रेशीम. खाली पाटी, की सगळ्यांचा मिळून एक देश. पांढरं कुठंच नाय. चष्मा पुसून परत बघितलं. मग सरळ कड चाचपली. रखवालदार हात लावू नका म्हणतोय तोवर बोटांना ते मऊ सूत लागलंच. आतल्या थरात होतं.

पोरगी धावत आली. सुई घातली की विरत होतं म्हणाली, वर टिकलं नसतं. आणि आता ते अख्ख्या देशाच्या खाली पसरलंय, त्यात अर्थ किती खोल आहे, असंही म्हणाली.

"आत तर आम्ही आधीपासूनच होतो, बाई," मी म्हणलं. "ते दाखवायला तुझी गोधडी कशाला पाहिजे?"

तिचं तोंड उतरलं. वाईट वाटलं मला, लेकरूच ते. पण कात्री मागितली. तिनं निमूट आणून दिली, हे तिच्या बाजूनं सांगायला पाहिजे. मी मधल्या रेशमाची तीन बाजूंची शिवण उसवली, रेशीम दुमडून टाचलं. वीतभर लुगडं उघडं झालं. लोक फोटो काढायला लागले.

ती म्हणाली, आता हे असंच ठेवते. मी व्हय म्हणलं.

मग एक दिवसाआड नातीला बघायला पाठवलं. तसंच आहे म्हणायची. तरी शेवटच्या दिवशी रिक्षा करून मीच गेले. पिशवीत माझी कात्री होती.