जाळरेषेवरचं भरीत

"रेंजर, पाहुण्यांना भरिताला कुठे बसवायचं?" जीपमधून उतरता उतरताच साहेबांनी विचारलं.

मी जीपच्या टपाकडे बघतच राहिलो. वर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा हा एवढा भारा! वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली नाहीत, तर आम्ही खानदेशी माणसं त्याला भरीत म्हणतच नाही. कबूल. पण म्हणून इथे? शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या राखीव जंगलात, जानेवारीअखेर?

सत्तरच्या आसपासची गोष्ट. सालईची झाडं केव्हाच उघडीबोडकी झाली होती. उतारावर कमरेएवढं वाळलेलं गवत. ते आम्ही दोन पावसाळे गुरांपासून राखलं होतं, गावोगावच्या शिव्या खाऊन. तेव्हा कुठे चिंकारे परतले होते. एक मादी पाडसाला घेऊन तिथेच असायची. एक ठिणगी पडली की सगळं स्वाहा. माझा जीव त्या गवतात अडकलेला.

"साहेब, आत विस्तव नेता येत नाही..."

"अहो, शेठजी धुळ्याहून आलेत. आता काय उपाशी परत पाठवू?"

शेठजी कापडाचे व्यापारी. पांढरंशुभ्र धोतर, बोलणं साखरेसारखं. गवताकडे बोट दाखवून म्हणाले, "वा भाऊ! सतरंजी तिथेच टाकू. कसं मऊ मऊ आहे!"

मऊ! अहो, ते कुसळी गवत. त्याची कुसळं कपड्यातून थेट कातडीत घुसतात. आमचा गार्ड नथू माझ्या कानाशी पुटपुटला, "साहेब, हाऊ शेठ बठ्ठा जंगलनं भरीत करी टाकी!" सगळ्या जंगलाचं भरीत! मला हसू आलं.

"शेठजी, त्याहून फर्स्टक्लास जागा दाखवतो," मी म्हणालो आणि सगळी वरात जाळरेषेवर नेली. जाळरेषा म्हणजे वणव्याच्या आधी आपणच जाळून ठेवलेला गवताचा रुंद पट्टा. पुढे आग आलीच, तर तिथे तिला खायला काही मिळत नाही. आमचा पट्टा नुकताच जाळलेला होता. काळाकुट्ट.

साहेबांनी डोळे वटारले. "इथे?"

"इथेच. नाहीतर वांगी कच्ची खावी लागतील, साहेब." एवढा धीर मला कुठून आला, देव जाणे!

शेठजी मात्र हसत फतकल मारून बसले. सतरंजी लहान, शेठजी मोठे. निम्मे राखेतच. पऱ्हाट्या भडकल्या, वांगी भाजली, मिरची-लसूण ठेचली गेली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी हातात आली आणि डोंगरावरून वावटळ उतरली. पेटत्या काड्या भिरभिरत निघाल्या. साहेब घास तोंडाशी धरून उभेच राहिले. काड्या राखेत पडल्या, धुमसल्या, विझल्या. एकच तेवढी गवताच्या कडेपर्यंत पोचली. तिथे नथू ओलं गोणपाट घेऊन उभा होता. त्याने दोन फटक्यांत ती विझवली.

गवतातून चिंकारी उधळली, मागोमाग पाडस. साहेब बराच वेळ तिकडे बघत होते.

मग म्हणाले, "रेंजर, यापुढे पाहुण्यांची जागा तुम्हीच ठरवत जा."

शेठजी उठले. पाठीमागून धोतर तव्याच्या बुडासारखं. "भरीत झकास झालं, भाऊ! धोतर तेवढं गेलं."

पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा आले, काळी पँट घालून. उतरल्या उतरल्या म्हणाले, "हं, राख कुठे आहे?"

नोकरीत मी एवढंच शिकलो: साहेबांना नाही म्हणू नये. हो म्हणावं आणि पाहुण्याला राखेत बसवावं.