हौसाक्काचे चार दिवस

हौसाक्काला कोणी काही सांगायला गेलं की ती आधी विचारायची, "बघितलंस का ऐकलंस?" ऐकलं म्हटलं की ती पुन्हा आपल्या कामाला लागायची. अमक्याची सून माहेरी निघून गेली, तमक्याच्या विहिरीला खारं पाणी लागलं, असल्या बातम्या तिच्या दारातून परत जायच्या. बायका तिला खडूस म्हणायच्या. मीही म्हणायचे. चाळीस वर्षं आमच्या दोन अंगणांत एकच कुंपण होतं, आणि त्या कुंपणावरूनही आम्ही दोनदा भांडलो होतो.

आमचं गाव विट्याच्या पलीकडं. इथली निम्मी पोरं गलाईच्या धंद्यात आहेत. जुने दागिने भट्टीत वितळवून सोनं-चांदी शुद्ध करायची, असं ते काम. कोणी मदुराईत, कोणी कोलकात्यात. हौसाक्काचा एकुलता दिलीप नेपाळात, काठमांडूत दुकान टाकून होता. बायको सुरेखा इकडं सासूजवळ. पुढे दिलीपनं सुभद्राच्या नितीनला हाताखाली नेलं. सुभद्राचं घर आमच्याच गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून. तिलाही तो एकच मुलगा.

तिकडं भूकंप झाला तेव्हा हौसाक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. माझ्या घरचा टीव्ही मोठा, म्हणून सगळी गल्ली माझ्याकडं आली. अर्ध्या तासात तीसेक माणसं. मी चहा करून दमले. पडद्यावर एक जुना मनोरा कोसळताना दाखवत होते. एकजण म्हणाला, "आता बघा हं, आता पडतोय." पडला की सगळे चुकचुकायचे आणि पुन्हा कधी दाखवतात याची वाट बघायचे. मीही बघत होते. हौसाक्का दारातच उभी होती. आत ये म्हटलं तर आली नाही.

तरुण मंडळाच्या एका पोरानं मोबाईल तिच्यापुढं धरला. "आवं काकी, ही बघा, ही दिलीपदादाचीच गल्ली. सगळी आडवी झालीया."

"तू गेलायस काय तिकडं?"

"न्हाई, पर ग्रुपवर आलंय की."

"मग गप बस."

ती घरी गेली आणि फोन लावत बसली. फोन लागत नव्हता. दिलीपचाही नाही, नितीनचाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायका येऊ लागल्या. लांबूनच गळा काढून यायच्या. सुरेखाला मिठ्या मारायच्या. ती पोरगी आधीच घाबरलेली, त्यात दर दहा मिनिटांनी तिला नव्यानं रडवायच्या. दिलीपची चुलत आत्या आली होती, ती हळूच म्हणाली, "पोरी, कपाळाची टिकली तेवढी..." पुढचं हौसाक्कानं बोलू दिलं नाही.

"वन्सं, उठा. विट्याची गाडी भेटंल तुमास्नी. हिच्या कपाळाला हात लावला तर माझ्याशी गाठ हाय."

आत्या उठून गेली. बाकीच्या बाहेर जाऊन कुजबुजायला लागल्या, की हिचं डोकं फिरलं.

आता माझं सांगते. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी नेऊन देतात. आमच्याकडं त्याला कडू घास म्हणतात. दुपारचे दोन वाजले तरी त्या घरात कोणी जेवलं नव्हतं. मी विचार न करता पिठलं टाकलं, आठ भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि कुंपणावरून न देता पुढच्या दारानं घेऊन गेले. सगळ्या गल्लीनं बघितलं.

हौसाक्कानं फडकं सोडलं. भाकरी बघितल्या. मग माझ्याकडं बघितलं.

"शांते, माझ्या घरात मेलंय कोण?"

मी फडकं आवरायला वाकले.

"बोल की. कोण मेलंय? तू बघून आलीस?"

तिनं त्या भाकरी माझ्यादेखत म्हशीपुढं टाकल्या. घरात गॅस होता, तरी तिनं अंगणातली पाणी तापवायची चूल पेटवली. वर ओली लाकडं घातली. धूर पार देवळापर्यंत गेला. तो धूर गावानं बघावा म्हणूनच होता. मग तिनं सुरेखाला पुढ्यात बसवून भात खायला लावला. मी घरी येऊन आतून कडी लावली. मी चुकले होते. गावात चुकलेले पुष्कळ होते, कोणी कबूल केलं नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

त्या दिवसापासून सुभद्रा येऊन हौसाक्काच्या ओट्यावर बसायला लागली. आपल्या घरात तिला बसवत नव्हतं. ती सारखी एकच म्हणायची, "अक्का, तू चूल पेटवलीस, म्हंजी पोरं हायती न्हवं?"

"मला ठाऊक न्हाई, सुभद्रा."

"तुला आतनं वाटत आसंल."

"मला काय बी वाटत न्हाई. कळंपर्यंत मी रडायची न्हाई, एवढंच."

सुभद्राला हे ऐकू येत नव्हतं. तिनं त्या धुराचा धरायचा तो अर्थ धरला होता.

तिसऱ्या दिवशी सांगलीहून कॅमेरा घेऊन एक माणूस आला. हौसाक्काला म्हणाला, "आजी, मुलाचा फोटो हातात घेऊन बसा. त्याला काय सांगाल?"

"त्याला सांगायचं त्याला सांगीन. तुला कशाला?"

"लोकांना कळायला पाहिजे ना, आजी."

"मलाच कळलं न्हाई अजून. लोकांची कसली घाई?"

त्यानं मग सुभद्राला गाठलं. तिनं फोटो धरला. रात्रीच्या बातमीत ती दिसली, तेव्हा लोक मला म्हणाले, आवाज वाढवा.

त्याच संध्याकाळी देवळापुढच्या फळ्यावर शोकसभेची सूचना लागली. खाली खडूनं दोन नावं, दिलीप आणि नितीन. सरपंच, माजी सरपंच, दोघंही बोलणार होते. हौसाक्का ओलं फडकं घेऊन गेली आणि सगळ्यांदेखत दोन्ही नावं पुसली. सरपंच म्हणाले, "काकी, आमी चांगल्यापोटीच करतोय."

"चांगलं करायचं तर तिकडच्या आपल्या सरकारी हापिसाला फोन लावा. हितं माइक कशाला लावताय?"

सभा झाली नाही. गावाला राग आला. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या दारात कोणी फिरकलं नाही. फक्त सुभद्रा होती.

दुपारी परक्या नंबरावरून फोन आला. सुरेखानं उचलला आणि खालीच बसली. हौसाक्कानं तिच्या हातातून घेतला. पलीकडून दिलीप म्हणाला, "आई, मी हाय." मी कुंपणापाशी होते. तिनं डोळे मिटले, खांब धरला. आणि पहिला शब्द विचारला तो हा: "नितीन?"

बराच वेळ ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं." सुभद्राला म्हणाली, "ते दोघं येगळं पडल्यात म्हणं. त्याला काय ठाऊक न्हाई."

पंधरा दिवसांनी दिलीप आला. मिरजेला रेल्वेनं उतरला, तिथून गावानं त्याला जीप करून आणला. हलगी, हार, शाल, नारळ. शोकसभेत बोलणार होते तेच दोघं सत्काराला बोलले. एक म्हणाला, आईच्या निश्चयानं यमाला परत पाठवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुभद्रा गर्दीच्या कडेला उभी होती. येईल त्याला विचारत होती, "नितीन मागनं यायलाय न्हवं?"

हौसाक्का सत्काराला गेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं दिलीपला गोठ्यात गाठलं. पोरगा धड जेवत नव्हता, डोळ्याला डोळा देत नव्हता, ते तिनं ओळखलं होतं. तिथं त्यानं सगळं सांगितलं. त्या दुपारी भट्टीवर बसायची पाळी दिलीपची होती. तो चहाला म्हणून बाहेर पडला आणि नितीनला म्हणाला, जरा बस. तो चौकात असताना इमारत खाली आली. तिसऱ्या दिवशी जवानांनी नितीनला बाहेर काढला. दिलीपनं त्याला ओळखलं, नदीकाठी त्याला अग्नीही दिला. घरी सांगायची छाती झाली नाही.

हौसाक्कानं त्याला हाताला धरून गल्लीतून सुभद्राच्या घरी नेलं. मी शेजारच्या गिरणीत दळण घेऊन उभी होते. मधे नुसती पत्र्याची भिंत, आणि गिरणी वीज गेल्यामुळं बंद. दिलीप म्हणत होता, "आई, नुसतं गेला म्हणून सांगतो. पाळीचं नको."

"सगळं सांग. खाली बसून सांग."

त्यानं सांगितलं. शेवटी सुभद्रा म्हणाली, "तू उठलास आणि तो बसला. असंच न्हवं?"

"व्हय, काकी."

"मग ऊठ आता हितनं. अक्का, तूबी ऊठ."

त्यानंतर सुभद्रा हौसाक्काशी कधी बोलली नाही. पाण्याला जायची वाटही तिनं बदलली. दिलीप परत काठमांडूला गेला नाही. विट्यात एका दुकानात कामाला लागला आणि आईशीही मोजकंच बोलायचा. गेल्या पावसाळ्यात हौसाक्का वारली. सुभद्रा मातीला आली नाही. मी वाट बघितली होती.

एकदा मी हौसाक्काला तोंडावर विचारलं होतं. "एवढं सगळं सांगायला लावून काय मिळवलंस? नुसतं गेला म्हटलं असतं तर चाललं असतं. पोरगंबी गेलं हातचं, शेजारीणबी गेली."

ती वैरण तोडत होती. थांबली नाही.

"चार दिवस मला कुणीच खरं सांगितलं न्हाई, शांते. जो तो आपल्या मनचं सांगत हुता. ते चार दिवस कसं गेलं ते माझं मला ठाऊक. सुभद्राला अर्धंच सांगून जलमभर त्यातच ठिवू व्हय?"