पल्याडच्याला दिलेलं हव

रायपूरच्या पंडरीत, कापडबाजारामागच्या गल्लीत, शिशिर नावाचा एक शहाणा राहतो. शहाणा असं गल्लीतले लोक म्हणतात. त्याची आई मंदाकिनी म्हणते, देवानं पोट्ट्याला डोकं दिलं, पण ते कुठं वापरायचं ते सांगायचं राहून गेलं. वय पस्तिशीच्या पुढं गेलेलं, लग्न नाही. नोकरी नव्या राजधानीतल्या मंत्रालयात, आणि काम काय, तर रजेच्या नियमांचा अर्थ लावायचा. कुणाची सासू वारली तर ती 'कुटुंबात' धरायची की नाही, यावर हा गृहस्थ दुपारभर डोकं खाजवतो. सासू बिचारी जळून राख झालेली असते, तरी नियमाचा अर्थ लागत नाही. संध्याकाळी सरकारी बसमधून उतरतो तेव्हा चेहरा असा, जसा विहीर खणून आला.

एवढ्यानं भागत नाही म्हणून रविवारी राक्षसांचे नियम.

तो एक खेळ आहे. माडीवरच्या खोलीत टेबलाभोवती जाणती माणसं बसतात आणि प्रत्येक जण मनानंच कुणीतरी होतो. समोरच कापडाचं दुकान असलेला सुशील तिथं मोठा तलवारबाज असतो. खरा सुशील झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतो. तात्यापारा मोहल्ल्यातली गंधाली तिथं रेवा नावाची वैदीण असते, रानातल्या मुळ्या ओळखणारी. शिशिर कुणीच नसतो, म्हणजे सगळंच असतो. गोष्ट तो सांगतो, फासे पडले की निकाल तो देतो, आणि दुसऱ्या जगातून येणाऱ्या भुताखेतांना काय जमतं आणि काय जमत नाही, हे जाडजूड इंग्रजी पुस्तकात बोट घालून तोच ठरवतो. ज्या राक्षसाला कान नाहीत त्याला शिवी दिली तर राग येईल का, यावर एकदा दोन रविवार गेले. भिंतीतून आरपार जाणाऱ्या राक्षसाचा वासही भिंतीतून जातो का, यावर सुशील आणि शिशिर आठवडाभर बोलत नव्हते. बायको आणि दोन लेकरं असलेला माणूस तो सुशील.

मंदाकिनी खालून चिवडा पाठवायची आणि कपाळाला हात लावायची. पण या वर्षी तिनं कपाळाचा हात काढला होता, कारण गंधाली. पोरगी तिच्याच डोळ्यांत भरली होती. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेलं घर, मंत्रालयातच दुसऱ्या खात्यात नोकरी, येण्याजाण्याची बसही एकच. शिशिरचाही जीव तिच्यात गुंतलेला, हे आईला त्याच्या दाढी करण्यावरून समजलं होतं. बसमध्ये विचारून टाक, असं ती महिनाभर मागं लागली, आणि एका शनिवारी शिशिर घरी आला तो दारातूनच सांगत, की विचारलं, आणि ती हव म्हणाली. इकडं हो म्हणायला हव म्हणतात.

मग काय. मंदाकिनीनं पंडरीतून साडी आणली, गोल बाजारातून नारळ आणला, आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी खेळ उरकला की गंधालीच्या घरी जाऊन तिच्या आईवडलांशी बोलायचं ठरवून टाकलं. गंधालीला मात्र यातलं कुणी काही बोललं नाही. तिनं हव म्हटलंच होतं, आणखी काय बोलायचं?

त्या रविवारी टेबलावर एक नवा राक्षस आला. दुसऱ्या जगातला, बिनशरीराचा. शिशिरनं त्याला नाव दिलं होतं पल्याडचा. पुस्तकात त्याची करामत एका ओळीत लिहिली होती: तो माणसाच्या मनात हाक घालतो, आणि ज्यानं हाकेला शब्दानं किंवा खुणेनं संमती दिली त्याच्या देहात तो कायमचा शिरतो. मग तो खेळाडू गेला. म्हणजे गंधालीनं हाकेला हो म्हटलं, तर इतकी वर्षं जपलेली वैदीण गेली.

शिशिरनं घसा खाकरून राक्षसाचा आवाज काढला. तो आवाज म्हणजे सर्दी झालेल्या रेड्याचा. "वैदीणबाई, मी लय दुरून आलो. थकलो. तुझ्यात थोडी जागा दे. ऐकून राहिली ना?"

गंधालीच्या तोंडात चिवडा होता. ती म्हणाली, "हव."

शिशिरनं पुस्तक मिटलं. रेवा संपली, म्हणाला.

आता भांडण कसं झालं ते काय सांगावं. नोकऱ्या करणारी, मतदान करणारी माणसं, आणि नसलेली एक बाई नसलेल्या भुतानं खाल्ली की नाही यावर गळ्याच्या शिरा ताणून बसली. गंधालीचं म्हणणं, आपल्याकडं हव म्हणजे ऐकलं, पुढं बोला. तिची आजी दूधवाल्याला हव म्हणते, भिकाऱ्याला हव म्हणते, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्यालाही हव म्हणते, म्हणून काय आजीनं सगळ्यांना संमती दिली? सुशीलनं हिंदीत साक्ष दिली, की मी दिवसभर बायकोला हव म्हणतो आणि आजवर एक काम केलं नाही.

शिशिर ऐकेना. पुस्तकात 'शब्दानं' आहे. हव हा शब्द आहे. विषय बंद. कार्यालयातही विचारल्यावर कुणी हव म्हटलं की तो संमती धरतो. आणि त्या भरात त्याच्या तोंडून निघून गेलं, "तू सोता हवचा अर्थ हो असाच धरते. काल बसमध्ये नाही का..."

तिथं तो थांबला. पण बोलणं सुटलं ते सुटलं.

"काल बसमध्ये काय?" गंधालीनं विचारलं.

शिशिरनं पुस्तक उघडलं, परत मिटलं. मग अडखळत सांगितलं, की काल त्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं. कसं विचारलं होतं, तेही सांगावं लागलं: दोन्ही कुटुंबांच्या सोयीनं आणि आपली हरकत नसल्यास पुढील कार्यवाही सुरू करता येईल, असं.

गंधालीनं चिवड्याची बशी बाजूला सारली. "ते लग्नाचं होतं? मले वाटलं तू पेन्शनचं काही सांगून राहिला."

सुशील खुर्चीवरून उठला आणि जिन्याकडं गेला. झुरळ नसताना उठायची ही त्याची पहिलीच वेळ असावी.

तेवढ्यात मंदाकिनी चहा घेऊन वर आली. अंगावर ठेवणीतली साडी, केसांत गजरा. तिनं लाडानं विचारलं, "गंधाली बेटा, चाय घेशील ना?"

"हव," गंधाली म्हणाली. मग शिशिरकडं बघून सावकाश म्हणाली, "हे हो होतं."

मंदाकिनीला काही उमगलं नाही. ती हसून कप ठेवून, मी आता निघायची तयारी करते असं म्हणून खाली गेली. गंधालीनं तिचा गजरा पाहिला होता, साडी पाहिली होती, आणि निघायचं म्हणजे कुठं, तेही तिच्या ध्यानात आलं. तिनं कप हातात धरला, पण प्यायली नाही.

शिशिरनं पुस्तक पुन्हा उघडलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शब्दांचे अर्थ लावणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कळत होतं की आपण काय करून बसलो. हव म्हणजे हो, असा निकाल दिला तर वैदीण मरते आणि लग्न उभं राहतं. हव म्हणजे नुसतं ऐकलं, असा दिला तर वैदीण जगते आणि खालची साडी, नारळ, गजरा सगळं फुकट. पुस्तकातली ओळ तीच होती. आता ती पुन्हा पुन्हा वाचून काही उपयोग नव्हता, तरी त्यानं दोनदा वाचली. सवय कुठं जाते?

शेवटी म्हणाला, "हव म्हणजे संमती नाही. रेवा वाचली."

"बरं," गंधाली म्हणाली.

"गंधाली, माझ्याशी लग्न करशील?"

एवढं लहान वाक्य त्याच्या तोंडून आजवर निघालं नव्हतं. ना हरकत, ना कार्यवाही. गंधालीनं खरोखरच विचार केला. त्याच्याकडं नीट पाहून केला, तेवढा मान तिनं राखला.

"नाही रे," ती म्हणाली. "तू वाईट नाही. पण मी काय म्हटलं ते ऐकायच्या आधी तू पुस्तकात पाहतो."

चहा मात्र तिनं पिऊन संपवला. जिन्यापाशी थांबून म्हणाली, की पुढच्या रविवारी येईन, रेवाले त्या भुतापाशी एकटी ठेवू नको. आणि गेली. खाली मंदाकिनीला वाकून नमस्कार करून गेली, आणि तिथंच मंदाकिनीला शंका आली, कारण होणारी सून एवढी घाईघाईनं नमस्कार करत नाही.

शिशिर उतरून आला तेव्हा आई साडीची घडी मोडून परत घालत होती.

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"काल तर हव म्हणाली होती."

"ते हव तसं नव्हतं, आई."

मंदाकिनीनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्या नजरेपुढं कुठल्याही जगातला राक्षस पुस्तकात परत गेला असता. मंत्रालयानं या पोट्ट्याला पगार काहून द्यावा, हा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता, पण त्याचा चेहरा पाहून तिनं तो गिळला.

"या खेपेला तरी बरोबर ऐकलं ना?" तिनं विचारलं.

"हव," शिशिर म्हणाला.

हे कुठलं हव, ते आईला विचारावं लागलं नाही. तिनं गजरा काढून देवापुढं ठेवला, नारळ उचलला, आणि स्वयंपाकघरात जाऊन चटणीसाठी फोडला.