मायची डावी बाजू

अंबडच्या कॉलेजात मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मूलकणांचं भौतिकशास्त्र शिकवतो. सममिती हा माझा लाडका धडा. एखादा प्रयोग टेबलासकट फिरवून ठेवा, निसर्गाला त्याचं काही देणंघेणं नसतं, उत्तर तेच येतं. आणि तेवढ्याच कारणाने, बाहेरून कुणी हात लावत नाही तोवर, फिरणाऱ्या वस्तूचा कोनीय संवेग तसूभरही बदलत नाही. हे सांगताना मला अजून भरून येतं. पोरांना येत नाही. हे परीक्षेला आहे का, एवढंच ती विचारतात.

मध्यंतरी मायला लकवा झाला आणि डावी बाजू गेली. जाफराबादहून तिला अन् दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी अंबडला घेऊन आलो. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, पण डावीकडे काही असतं हेच आता हिच्या मेंदूच्या ध्यानात येणार नाही. मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

कळलं ते जेवताना. तिने ताटातला उजवीकडचा भात संपवला आणि म्हणाली, "संपलं. आजून वाढ की." डावीकडे भाकरी आणि वरण तसंच होतं. मी ताट अर्धं फिरवलं. "हां, आता बराबर," म्हणून ती जेवायला लागली. मी बघत बसलो. फिरवल्याने काही बदलत नाही म्हणून वर्षानुवर्षं फळ्यावर घसा फोडणारा मी, आणि इथे नुसतं फिरवल्याने ताटात भाकरी आली होती.

ताटाचं हसण्यावारी नेता आलं, दादांचं नाही. ते रोज सकाळी तिच्या डाव्या अंगाला स्टूल टाकून बसत आणि लुळा हात मांडीवर घेऊन तिळाच्या तेलाने चोळत. चोळलेलं तिला थोडंफार कळायचं, चोळणारा दिसायचा नाही. ती मला विचारायची, "तुझे दादा का येऊन न्हाई राह्यले? रागावले का माझ्यावर?"

"अगं, इथंच हाये की मी," दादा म्हणायचे. आवाज आला की ती मान उजवीकडे वळवून शोधायची. कितीदा समजावलं, पण तिला पटायचं नाही. दादांचा चेहरा उतरायचा आणि मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

त्याच आठवड्यात वर्गात आरशाचा विषय निघाला. आरशात दिसणारा प्रयोगही खरा घडू शकतो, असं एकेकाळी सगळे शास्त्रज्ञ धरून चालले होते. पण अणूच्या गाभ्यातलं क्षीण बल पक्षपाती निघालं. ते पदार्थातल्या डावखुऱ्या कणांनाच ओळखतं, उजव्यांना नाही. एका मुलीने विचारलं, "सर, पण असं का?" एरवी मी खेकसून खाली बसवलं असतं. त्या दिवशी म्हणालो, मला माहीत नाही. सर आज तयारी न करता आलेत, असं वर्गाला वाटलं.

घरी आलो आणि दादांचं स्टूल उचलून उजवीकडे ठेवलं. माय त्यांना बघून अर्ध्या तोंडाने हसली. "कवा आल्ते?"

"आत्ताच," दादा म्हणाले.

दोघं रोज बोलत बसायची. मला वाटलं, जमलं आपल्याला. डावा हात ओढून पलीकडे घ्यायचा नव्हता, खांदा निखळला असता, म्हणून चोळायला डावीकडे मी बसू लागलो. थोडे दिवस गेले आणि माय दादांना म्हणाली, "पहिले कुणीतरी माझा हात चोळायला यायचं. लई मायेनं चोळायचं. आता भलतंच कुणी येऊन राह्यलंय, खसाखसा चोळतं. तुमी आले अन् त्याचं येणंच बंद झालं. त्याला बोलवा ना."

"तो मीच होतो," असं दादा सांगतील म्हणून मी थांबलो. ते उठले, स्टूल उचललं, पलंगाला वळसा घालून माझ्या जागेवर आले आणि तेलाची वाटी मागितली.

माय डोळे मिटून पडली होती. जरा वेळाने तिने उजवीकडे पाहिलं. तिथे आता मी उभा होतो.

"तुझे दादा परत कुठं गेले रे?"

दादांनी मान वर केली नाही.

"येतील," मी म्हणालो.