प्रेसमध्ये लिनक्स आलं तेव्हा

तीन माणसं एका खोलीत बारा वर्षं कामाला असली, की किस्से आठवावे लागत नाहीत. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा आपणहून पुढे येतो. आमच्या हडपसरच्या डीटीपी सेंटरचं तसंच. मालक अण्णा, टायपिंगला शिंदेकाकू आणि उरलेल्या सगळ्याला मी! आता तिथे मोबाइलचं दुकान आहे.

आमच्या जुन्या कम्प्युटरना नवं विंडोज पेलेना, म्हणून मी विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स सुचवलं.

"फुकट?" अण्णांनी चष्मा वर केला. "यात गोम काय?"

"काही नाही. कुणीही घ्यावं, वापरावं, दुसऱ्यालाही द्यावं."

"म्हणजे पुण्याबाहेरचं दिसतंय!"

*

पहिल्याच आठवड्यात मांजरी गावचे एक गृहस्थ लग्नपत्रिका करायला आले. फाइल अजून उघडायचीच होती. स्क्रीनवर नुसता लिनक्सचा पेंग्विन. त्यांनी तो बराच वेळ निरखला.

"बाकी ठीक हाय, पण गणपतीच्या जागी हे बदक कशाला?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "ते आमचं आहे. तुम्हाला गणपतीच मिळेल."

*

काकूंना मात्र हसू येत नव्हतं. वीस वर्षांच्या सवयीची बोटं, आणि लिनक्सच्या नव्या कीबोर्डवर एकही अक्षर जागेवर नाही! "अण्णा, आता तुम्ही दुसरं कुणी बघा," म्हणाल्या आणि डबा न उघडताच निघाल्या.

अण्णा त्यांच्यामागे जिना उतरले. "रजा घ्या हवी तर. राजीनामा टाइप करायला माझ्याकडे दुसरं कुणी नाही!"

महिन्याभराने काकूंचे मिस्टर भेटले. "अहो, ओट्यासमोर कीबोर्डचा नकाशा चिकटवलाय. ही पोळी लाटता लाटता टाइप करते! परवा पोळीवर बोटांचे ठसे. विचारलं, कुठला शब्द? तर म्हणे, 'चुकलेला आहे, खा!'"

*

आणि एकदा एक निवृत्त मास्तर पेन ड्राइव्ह घेऊन आले. त्यांच्या बायकोच्या पाककृती काकूंनीच कधीकाळी टाइप केल्या होत्या. बाई गेल्या, वहीला वाळवी लागली. उरली ही फाइल. उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस! जुना मराठी फॉन्ट जुन्या विंडोजबरोबरच गेला होता.

मी नकारार्थी मान हलवली. मास्तर उठायला लागले.

"थांबा," काकू म्हणाल्या. स्क्रीनवरच्या एकेका इंग्रजी अक्षरासाठी त्यांची बोटं टेबलावर जुन्या कीबोर्डच्या जागा शोधू लागली. मग त्या अडखळत वाचू लागल्या.

"कढी... ताक आंबट असावं... ढवळणं थांबवू नये... मध्येच हे चव बघायला येतील. त्यांना हाकलू नये."

काकू थांबल्या. "पुढचं वाचू?"

"नको," मास्तर म्हणाले. "तेवढंच परत वाचा."