अर्धाच आलेला संबळ

मंडळी, आज दुपारी दुबईच्या दुकानात गिऱ्हाईक न्हवतं, म्हणून कॉम्प्युटरवर गाणी शोधत बसलो. ही गाणी एका जागी नसतात. कुणाच्या तरी घरच्या मशीनमधून, फोनच्या लाईनीवरनं थेट आपल्याकडं येतात.

एका पोराकडं आमच्या पाथर्डीच्या जत्रेतला संबळ सापडला! अर्धा उतरला, तेवढ्यात त्यानं लिहिलं, “भावा, आई वरडतीय, फोनची लाईन सोड म्हनून.”

“थांब की राव, अर्धाच राहिलाय!”

“मग ये हिकडं, तूच सांग तिला.”

त्याचं मशीन बंद झालं आणि संबळ मधीच तुटला.

तेवढाच परत परत वाजवतोय. माझ्यावर वरडायला इथं कुणीच न्हाई.

मशीन चालू ठेवलंय. पायजे त्यानं हा अर्धा घ्यावा. उरलेला तुमच्यापैकी कुणाकडं हाय का?