काकांचा जिना, माझी धडधड

बायपास झालेल्या एका गृहस्थांची जिना चढण्याची चाचणी घ्यायला मी गेलो आणि स्वतःचीच घेऊन आलो. तीत मी नापास झालो, आणि निकाल त्यांच्या नावावर लागला.

तेव्हा मी विद्यापीठात क्लिनिकल एक्सरसाइज सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होतो. हा विषय म्हणजे काय, हे लोकांना समजावण्यात माझा जेवढा वेळ गेला तेवढा अभ्यासात गेला असता, तर पुढचं काही घडलंच नसतं. हृदयविकार, मधुमेह, दमा अशा दुखण्यातून उठलेल्या माणसाला कोणता व्यायाम द्यायचा, किती द्यायचा आणि कुठे थांबवायचं, हे मोजूनमापून ठरवायचं शास्त्र. इतकं साधं. पण दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी कॉलनीत ते कुणाला पटेल तर शपथ. म्हणजे फिजिओ का? नाही. मग डॉक्टर? तेही नाही. मग सरळ जिमवाला म्हण ना. आई 'तो हॉस्पिटल लाइनला आहे' असं सांगून सुटका करून घ्यायची. बाबा तेवढंही सांगत नसत.

त्यात माझी तब्येत ही त्या शास्त्राची उलटी जाहिरात. विद्यापीठाच्या गेटसमोर छोले-भटुऱ्यांची गाडी होती, तिथली माझी हजेरी वर्गातल्या हजेरीपेक्षा कितीतरी चांगली. वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरायचा आणि लिफ्टची वाट बघता बघता मी काही लेक्चरं चक्क बुडवलेली आहेत.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक पेशंट पूर्ण वेळ सांभाळावा लागे. मला काका मिळाले. काका म्हणजे बाबांच्या ऑफिसातले सेक्शन ऑफिसर, आमच्याच ब्लॉकमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारे. मी त्यांच्या घरी लहानाचा मोठा झालो म्हटलं तरी चालेल. बायपासनंतर मुलाने त्यांना आणि काकूंना गुरुग्रामला आपल्याकडे नेलं होतं, कारण कॉलनीत लिफ्ट नाही आणि मुलाच्या टॉवरला तीन लिफ्ट. तिथे काका पार आंबून गेले होते. लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, खाली बागेत फिरणाऱ्या प्रत्येकाच्या कानात काहीतरी खुपसलेलं, भाजी फोनवरून येते, ती निवडायलासुद्धा मिळत नाही. काकांना घरी जायचं होतं, आपल्या क्वार्टरमध्ये. निवृत्तीला अजून अवकाश होता, तोवर तरी ते घर त्यांचं होतं. मुलाचं म्हणणं, आता नोकरी सोडा आणि इथेच राहा. दोघांचं भांडण डॉक्टरांनी मिटवलं होतं: तीन मजले चढून बघा, नाडी अमुक आकड्याच्या आत राहिली तर जा घरी. आणि ती नाडी बघायची होती मी.

शनिवारी गुरुग्रामला पोचलो. गेटवरच्या गार्डने मला अर्धा तास उभं ठेवलं, कारण मी कुरियरही नव्हतो आणि पाहुणाही. 'पेशंट चेक करने आया हूँ' म्हटल्यावर त्याने माझ्याकडे खालून वर बघितलं आणि अजून थोडा वेळ उभं केलं. वर गेलो तर काकूंनी खायला काढलेलं. मी फोनवर बजावलं होतं की चाचणीआधी पोट भरलेलं नको. त्यांनी ते अक्षरशः पाळलं: काकांना एक बिस्किट आणि मला पोहे, वर शिरा. "चाचणी यांची आहे ना? तू खा."

मी खाल्लं.

मग पट्टा. छातीखाली बांधायचा रबरी पट्टा असतो, तो ठोके टिपून मनगटावरच्या घड्याळाला कळवतो. घड्याळ माझ्या हातात. काकांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला.

"याच्यात करंट असतो का रे?"

नाही म्हटलं.

"मग चालतो कशावर?"

छोटा सेल असतो म्हटलं.

"म्हणजे करंट असतो."

अशा वळणावर चर्चा गेली की आमच्या सेक्शन ऑफिसरांना कुणी हरवू शकत नाही. शेवटी त्यांनी निर्णय दिला, आधी तू लाव, मला बघू दे. माझ्या पिशवीत एक जादा पट्टा होता. तो नळाखाली ओला केला, कारण कोरडा पट्टा कामच करत नाही, आणि शर्टाखाली बांधून दाखवला. घड्याळात माझे ठोके उमटले, मी मेलो नाही, काकांचं समाधान झालं. मग दुसरा पट्टा ओला करून त्यांना दिला. ते बाथरूममध्ये जाऊन बांधून आले. टापटिपीचा माणूस, ओली वस्तू अंगाला लावायची कशी, म्हणून त्यांनी तो टॉवेलने खडखडीत पुसून घेतला होता, हे मला नंतर कळलं. मी घड्याळाकडे बघितलं, आकडा दिसत होता. आकडा दिसतोय म्हणजे झालं. माझा पट्टा माझ्या छातीवरच राहिला आणि आम्ही लिफ्टने तळमजल्यावर आलो.

त्या टॉवरचा जिना म्हणजे आगीच्या वेळी वापरायची वाट. खिडकी नाही, वारा नाही, वर्षानुवर्षं कुणी पाय न ठेवल्याचा वास. माझ्या खांद्यावर पिशवी, तिच्यात बीपीचं मशीन, पाण्याची बाटली आणि काकूंनी आईसाठी दिलेला डबा. काका कठड्याला हात लावून, ऑफिसातल्या गोष्टी सांगत, संथ चढत होते. पहिल्या मजल्यावर आकडा चढला. दुसऱ्यावर तो डॉक्टरांच्या मर्यादेला जाऊन टेकला.

"काका, त्रास होतोय का?"

"काही नाही रे."

आता हे 'काही नाही रे' मी जन्मापासून ऐकत आलो आहे. आमच्या घरांमधले पुरुष ते कधीही म्हणतात. बाबांना एकदा टायफॉइड झाला तेव्हा ते दहा दिवस 'काही नाही रे' म्हणत ऑफिसला गेले आणि अकराव्या दिवशी टॅक्सीतून परत आले. आमच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की श्रम किती वाटतात ते पेशंटलाच विचारा आणि त्याच्या उत्तराला मान द्या. ज्याने ते पुस्तक लिहिलं त्याला मराठी केंद्रीय कर्मचारी भेटलेला नसणार. मी मनातल्या मनात काकांचं उत्तर रद्द केलं. तिसऱ्या मजल्याच्या तोंडाशी आकडा मर्यादेच्या पार गेला आणि मी त्यांना पायरीवर बसवलं.

काका म्हणाले, त्यांना खरंच काही होत नाहीये, घाम तर मलाच आलेला दिसतोय. मी म्हटलं, घड्याळ खोटं बोलत नाही. आणि तिथेच उभं राहून त्यांना दहा मिनिटं हृदयाच्या पंपाबद्दल व्याख्यान दिलं. बसूनसुद्धा यांचा आकडा खाली का येत नाही, या विचाराने माझी काळजी वाढली, आणि काळजीने आकडा.

मुलगा घरी होताच. त्याने मला धन्यवाद दिले, मोठ्या माणसाला देतात तसे, आणि वडिलांना म्हणाला, झालं ना आता समाधान? सोमवारी साहेबांना फोन करून नोकरीचं सांगून टाका. काकूंनी पदर डोळ्याला लावला. काकांनी फक्त मला विचारलं, "म्हणजे घरी नाही?"

"सध्या नाही, काका."

ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त अभिमान वाटला. पेशंट लपवत होता आणि मी पकडलं. त्या तोऱ्यात मी मेट्रोने घरी आलो. रात्री शर्ट काढताना छातीवर पट्टा सापडला, तो काढून पिशवीत टाकला, घड्याळ बंद केलं आणि झोपलो. पट्टा हातात घेऊनसुद्धा माझ्या डोक्यात काही उजाडलं नाही. याला निव्वळ गुणवत्ता लागते.

सोमवारी सकाळी आमच्या मॅडमनी घड्याळातली नोंद कॉम्प्युटरवर उघडली. मॅडम रोहतककडच्या, आवाज न चढवता माणूस सोलणाऱ्या. जिन्याचा चढ त्यांनी बघितला, मान हलवली, पुढे सरकल्या. पुढे आणखी एक चढ होता, पहिल्यापेक्षा उंच. आणि त्याच्यापुढे एक सुळका. मला आठवलं: मेट्रो स्टेशनचा सरकता जिना बंद होता, आणि मग गाडीचं दार लागत होतं म्हणून मी धावलो होतो.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्हारा मरीज़ मेट्रो से तुम्हारे साथ घर भी आया था?"

उत्तर माझ्या चेहऱ्यावर आलंच असावं. मॅडमनी पडद्यावरचा तो सुळका पुन्हा एकदा निरखला. ज्याचं हे हृदय असेल त्याला व्यायामाची फार गरज आहे, एवढं बोलून फोन माझ्यापुढे सरकवला. पेशंटला आत्ताच सांग, माझ्यासमोर, म्हणाल्या.

काकांनी फोन उचलला तेव्हा ते साहेबांचाच नंबर शोधत होते. मी सगळं सांगितलं, की घड्याळाने माझाच पट्टा पकडला होता आणि ते ठोके त्यांचे नव्हते, माझे होते. बरं झालं, बोलायला मराठी होती. मॅडमना निदान शब्द तरी कळले नाहीत. काका म्हणाले, "म्हणजे मी ठीक आहे?"

"ते अजून माहीत नाही, काका. एवढंच नक्की झालंय की मी ठीक नाही."

त्यांनी साहेबांना फोन केला नाही. दुसऱ्या चाचणीला मॅडम स्वतः आल्या. काकांनी अट घातली होती की जिना आपला हवा, त्यामुळे सगळे आर. के. पुरमला जमले. मुलगाही गाडीने आला, तोंड पाडून. मॅडमनी माझी पिशवी उघडून जादा पट्टा काढून घेतला, आपल्या पर्समध्ये टाकला, काकांचा पट्टा ओला आहे का ते बोटाने बघितलं आणि घड्याळ स्वतःच्या हाताला बांधलं. मला काम दिलं पिशवी उचलायचं.

काका चढले. पहिल्या मजल्यावर ओळखीच्या दाराशी थांबून एक नमस्कार केला, तेवढंच. आकडा मर्यादेच्या खाली, चांगला खाली राहिला. मी दुसऱ्या मजल्यावर असताना वरून कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकूंचा, की केवढी धूळ बसली आहे बघा. मुलगा माझ्या शेजारून वर गेला. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं.

मी कठड्याला धरून वर पोचलो तेव्हा मॅडम पुढचा कार्यक्रम समजावत होत्या. काका इथेच राहू शकतात, ऑफिसलाही हळूहळू जाऊ शकतात, मात्र काही आठवडे ठरलेल्या दिवशी देखरेखीखाली जिना चढायचा. हा माझा विद्यार्थी येईल, तुमच्याबरोबर चढेल. काका खुर्चीवर बसून मनापासून ऐकत होते. देखरेख करणारा कोण, हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या चौकटीला टेकून श्वास गोळा करत होतो.

"तू खालीच थांबत जा," काका म्हणाले. "तुझी काळजी करत चढावं लागतं, त्यानेच मला दम लागतो."